नळकांड्याचं पिस्तूल

पंचवटीतल्या एका बंद पडलेल्या नाटक कंपनीचं सामान विकायला निघालं होतं. त्यातलं हातभर लांब, सायलेन्सरचं नळकांडं लावलेलं टिकल्यांचं पिस्तूल मी उचललं. “शाळेच्या शर्यतींसाठी हवंय,” मी म्हणाले. विकणारे काका हसले. “मॅडम, मग हे कशाला? आवाज दबतो, नुसता धूर निघतो. थांबा, नळकांडं काढून देतो, मैदान दणाणेल.” “काका, त्याला हात लावू नका,” मी बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सहा मुली रेषेवर ओणवल्या. आजवर मी शिट्टी वाजवायचे. पाच जणी सुटायच्या आणि पेठकडची तुळसा त्यांचे पाय हललेले बघून मागून निघायची. ती जन्मापासून बहिरी. तालुक्याच्या स्पर्धेत दोनदा हरली ती पळण्यात नाही, निघण्यात. यंदा तालुक्याला शर्यत सुरू करून देणारी मीच असणार होते. “धूर दिसला की सुटायचं,” मी सगळ्यांना सांगितलं, तुळसाला खुणेनं. हात वर करून चाप ओढला. नळकांड्यातून फुस्स करून पांढरा धूर निघाला. पाच जणी सवयीनं कान देऊन तशाच बसल्या. तुळसा एकटीच निम्मं मैदान ओलांडून गेली. “मॅडम, हे चीटिंग हाय!” हिरा ओरडली. “आम्हाला काहीच ऐकू नाय आलं!” मी नवी टिकली भरली. “तुळसाला कधीच येत नाही,” मी म्हणाले. “चला, परत रेषेवर. आता डोळे उघडे ठेवा.”