जड डोक्याची रॅकेट

एकोणीस-एकोणीस. तिसरा गेम. सुकन्याने कपाळाचा घाम बाहीला पुसला आणि रॅकेटची मूठ पुन्हा चाचपली. जाळीपलीकडे मनस्विनी, कॉलेजातली पोरगी, अजून नीट धापसुद्धा टाकत नव्हती. आता दोनच गुण. ते मिळाले तर नांदेडच्या स्पर्धेला निघालेल्या लातूरच्या संघात सुकन्या जाणार, गेले तर मनस्विनी. अडतिसाव्या वर्षी अशी संधी दुसऱ्यांदा दार ठोठावत नाही, हे शाळेत गणित शिकवणाऱ्या सुकन्याबाईंना कुणी सांगायला नको होतं.

आणि हातात ही रॅकेट! उन्हाळ्याच्या सुट्टीत मोठ्या हौसेने घेतलेली. डोकं जड, दांडी ताठ. फटका वेळेवर बसला तर शटल पार मागच्या रेषेवर, क्षणभर चुकला तर मनगटाला झिणझिण्या. सुकन्या देवणीकडच्या रानात ज्वारी काढत वाढलेली. अंगात रग होती, म्हणून ती रगच लावायची. जेवढा जोर लावी तेवढं शटल जाळीत. महिनाभरात मनगट टम्म सुजलं. क्लबचा कोच आलोक वयाने लहान, पण तोंडाचा फटकळ.

"मॅडम, ही तुम्हाला झेपणारी न्हाई. जुनीच बरी व्हती."

झालं! सुकन्या पेटली. निवडीचा सामना मी हिनेच खेळणार, असं सगळ्यांसमोर सांगून बसली. बोलून बसल्यावर माघार कुठली?

तिचे वडील हणमंतराव गुडघ्यांच्या इलाजासाठी गावाकडून लेकीकडे आले होते. रोज संध्याकाळी धोतर सावरत हॉलच्या बाकावर येऊन बसायचे. बॅडमिंटन त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण नवा गोऱ्हा कामाला लावावा तर हणमंतरावांनीच, असं सारी पंचक्रोशी म्हणायची. आठवडाभर त्यांनी मुकाट्याने लेकीची झटापट बघितली. मग एके दिवशी हात पुढे केला.

"दे इकडं. मूठ सैल झाली हिची. नवी पट्टी गुंडाळून देतो."

दुसऱ्या दिवशी मूठ जराशी जाड लागली. पण नवल म्हणजे रॅकेट ऐकायला लागली! हात वेळेत वर जाऊ लागला. शटल डोक्यावर येईपर्यंत थांबायला जमू लागलं. आणि फारसा जोर न लावताच टण्ण असा आवाज घुमला. सुकन्या हरखून गेली. तो आवाज पुन्हा ऐकायचा म्हणून ती पहाटे साडेपाचला हॉलचं कुलूप उघडायच्या आधी दारात उभी राहू लागली. महिन्यापूर्वी पोळा झाला तेव्हा दोन-चार दिवस हात पुन्हा जड वाटला, तर तिने खापर पुरणपोळ्यांवर फोडलं. मूठही एव्हाना वापरून वापरून बसली होती, पहिल्यासारखी जाड लागत नव्हती.

मनस्विनीने सर्व्हिस केली. सुकन्याने शटल मागे रेटलं, पुन्हा रेटलं, आणि तिसऱ्या वेळी हळूच जाळीपाशी सोडलं. पोरगी पळाली, पण पोचली नाही. वीस-एकोणीस! बाकांवरची कुजबुज थांबली.

आता सर्व्हिस सुकन्याची. परतलेलं शटल उंच आलं. अगदी छपराकडे जाऊन खाली वळलं. उन्हाळ्यातली सुकन्या त्याच्यावर तुटून पडली असती. आज ती थांबली. अजून थोडी थांबली. मग मनगट वळलं.

टण्ण!

शटल रेषेवर पडलं. मनस्विनीने फक्त मान वळवून बघितलं. हॉलमध्ये एकच गलका उठला. आलोक धावत आला. "मॅडम, मानलं! वठणीवर आणली तुम्ही हिला!"

सुकन्या कोर्टावरून सुसाट बाकाकडे पळाली आणि वडिलांच्या पायाशी वाकली. "अप्पा, तुमच्या हाताला यश हाय! तुम्ही पट्टी बांधली अन् माझं नशीबच उघडलं."

हणमंतराव थोडे चुळबुळले. "नुसती पट्टी न्हवती, माय. गाडीत माल पुढं भरला की समदं वझं बैलाच्या मानेवर येतंय. जरा मागं सरकवला की नवा गोऱ्हा बी चालतोय. हिचं बी डोकं जड. म्हणून कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडून चाकाला चिकटवायची दोन शिशाची वजनं आणली अन् पट्टीखाली मुठीत बसवली."

सुकन्याचं तोंड उतरलं. सगळ्या आनंदावर पाणी पडलं. म्हणजे रॅकेट तिने वठणीवर आणलीच नव्हती! ती होती त्याहून सोपी करून तिच्या हातात दिलेली होती. आणि आलोक तिकडे सगळ्यांना हातवारे करून तिचा फटका दाखवत होता. आता कुठल्या तोंडाने त्याच्यासमोर उभं राहायचं? जे काय आहे ते सगळ्यांना उघडं दाखवावं, म्हणून तिने तिथेच पट्टीचं टोक नखाने ओढलं. वेढ्यामागून वेढे सोडत गेली. शेवटचा वेढा सुटला.

आत कोरडं लाकूड होतं. दुसरं काहीच नाही.

तिने वर बघितलं. हणमंतरावांनी बंडीच्या खिशातून करंगळीच्या नखाएवढे दोन करडे तुकडे काढून तिच्या तळहातावर ठेवले.

"बैलाच्या सणाला मानेवर वझं ठेवत असत्यात व्हय, माय? पोळ्यालाच काढली मी ती."