मास्टर पासवर्ड

‘या ब्राउझरवर ही सोय चालत नाही.’ लॅपटॉपने चौथ्यांदा तेच सांगितलं आणि लेकीने दातओठ खाल्ले. पाचला बारा मिनिटं कमी होती. पाचपर्यंत हॉस्पिटलच्या साइटवर होकार दिला नाही, तर आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची मंगळवारची तारीख दुसऱ्या कुणाला जाणार होती. पुढची तारीख दोन महिन्यांनी. तोवर उरलीसुरली नजरही जाईल, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. काउंटरवरच्या बाईला फोन केला, तर तिचं एकच पालुपद. सगळं ऑनलाइनच करा.

आणि ऑनलाइन सगळं दादाच्या ताब्यात. आईचे रिपोर्ट, तारखा, झाडून सगळे पासवर्ड त्याने एका पासवर्ड मॅनेजरमध्ये कुलूपबंद करून ठेवले होते. आधी बरं चाललं होतं. साइट उघडली की रकाने आपोआप भरायचे. मागच्या महिन्यात तो दोन दिवस आला, आईजवळ सगळी मिळून दहा मिनिटं बसला, आणि उरलेल्या वेळात त्याने चांगला चालता ब्राउझर काढून भलताच कुठलासा बसवला. जगात मोजून दीड माणूस तो वापरत असेल. बाकीचे ब्राउझर मेंढरांसाठी असतात म्हणे. त्यावर आपलाच पासवर्ड मॅनेजर चालतो की नाही, एवढं बघायचं मात्र या दीडशहाण्याला सुचलं नाही. जाताना कळांवर तेलकट बोटांचे डाग आणि फटींत बिस्किटांचा चुरा ठेवून गेला. लेकीला आता त्या कीबोर्डला हात लावायचीही किळस येत होती.

तिने त्याला कारखान्यात फोन लावला. तिथे मोबाइल गेटवरच काढून घेतात, म्हणून तो कुणाच्या तरी टेबलावरच्या फोनवर आला, तोही कुरकुरत. आधी त्याने तिच्याच अकलेचे वाभाडे काढले. मग म्हणाला, दुसरा ब्राउझर उतरवून घे. घेतला तरी कुलूप उघडायला तुझा मास्टर पासवर्ड लागेलच ना, असं तिने विचारलं. तेव्हा म्हणाला, मी सहाला सुटलो की स्वतः करतो. सहाला उशीर होईल, हे तिने सांगितलं. मग राहू दे, पुढची तारीख घेऊ, दोन महिन्यांनी काय बिघडतंय?

“आईचा डोळा बिघडतोय,” लेक म्हणाली. “पासवर्ड सांग.”

“आई जवळ आहे का?”

आई मागे पलंगावर पडली होती, डोळ्यांवर हिरवी पट्टी. झोपली असावी असं लेकीला वाटलं, आणि तिने तसं सांगून टाकलं. चोरांची भीती समजू शकते, पण याला आता आईपासूनही लपवायचंय, असं मनात म्हणत तिने फोन स्पीकरवर टाकला. मॅनेजरची साइट तेवढी त्या ब्राउझरवर उघडत होती. स्क्रीनवर नुसते ठिपकेच दिसणार, म्हणून अक्षरं आधी लिहून घ्यायला तिने डोळ्यांच्या थेंबांचं रिकामं खोकं ओढलं.

तो एकेक इंग्रजी अक्षर सांगू लागला, मध्येच उगाच खोकत. एम. एच. ए. टी. ए. आर. आय.

पांघरुणावर आईची बोटं हलली. तिने तीस वर्षं टायपिंगच्या क्लासात मुलींना शिकवलं होतं. अक्षर कानावर पडलं की तिचं बोट अजूनही आपोआप आपल्या जागी जायचं.

के. ए. डी. एच. आय.

आईची बोटं थांबली.

“एम. ए. आर.,” तो म्हणाला आणि अडला. लेकीने पुढे काय म्हणून विचारलं, तर म्हणे जाऊ दे, खरंच राहू दे, मी वाटलं तर डॉक्टरांशी बोलतो.

लेकीने खोक्यावरचं एकदा सलग वाचलं. म्हातारी कधी मर. बाकीचे सगळे पासवर्ड मशीन बनवतं, हा एकच माणसाला स्वतःच्या मनातून काढावा लागतो, असं त्यानेच तिला मोठ्या ऐटीत समजावलं होतं. आणि विसरू नये म्हणून रोज सकाळी एकदा टाइप करायचा. तीन वर्षं तो रोज सकाळी हे टाइप करत होता, चहाचा कप शेजारी ठेवून.

“एन. ए. आर.,” आई म्हणाली. वर्गात सांगायची तशीच, सावकाश. “शेवटी प्रश्नचिन्ह आहे का रे?”

फोनमध्ये तो पुन्हा खोकला.

“आहे,” तो म्हणाला.

लेकीने फोन बंद केला. खोक्यावर बघून तिने सगळं टाइप केलं, शेवटी प्रश्नचिन्हही. कुलूप उघडलं. आतला हॉस्पिटलचा पासवर्ड तिने उचलून साइटवर टाकला, तशी मंगळवारची तारीख आणि खाली होकाराचं बटण आलं. पाचला तीन मिनिटं होती. तिने बाण बटणावर नेला आणि तिथेच ठेवला. शी, आपल्याच रक्ताचा, एका ताटात जेवलेला माणूस.

“असल्याचं तोंडसुद्धा बघू नये,” ती म्हणाली.

“मला बघायचंय,” आई म्हणाली. “दाब ते बटण.”