चल पुढे

श्रीलंकेतल्या बट्टिकलोआच्या बाजारात मासळी घेताना मर्लीन आपल्या नवऱ्याला, रागेल सुतारांना, घरच्या पोर्तुगीजमध्ये म्हणायची, "शिळी आहे हिची मासळी. चल पुढे." दोघं चालू लागली की तमिळ कोळीण पवळम भाव उतरवून त्यांना हाक मारी.

मर्लीन वारल्यावर रागेल पहिल्यांदाच एकटे आले. पवळमने सांगितला तो भाव त्यांनी मुकाट्याने कबूल केला.

"काय काका, आज घासाघीस नाही?"

"कुणाला विचारून करू? घरात ती भाषा बोलणारं कुणी उरलं नाही गं."

पवळमने मासा परत पाटीत टाकला. त्याच पोर्तुगीजमध्ये ती अडखळत म्हणाली, "शिळी आहे हिची मासळी. चल पुढे."

रागेल पुढे गेले नाहीत.

"पुन्हा एकदा म्हण," ते म्हणाले.