हलव गं

केम गावचा धोंडीराम त्याची जुनी जीप माझ्या गॅरेजात सोडून गेला. "मिस्त्री, स्टेअरिंग लई सैल झालंय. पुढचं सगळं नवं टाका," म्हणाला.

पुढचे स्प्रिंगचे पाटे बदलले, स्टेअरिंगच्या दांड्याचे सांधे, म्हणजे टायरॉडचे एंड बदलले. जॅक काढून जीप चाकांवर उभी केली. सुट्टीचा दिवस होता. भवानी पेठेतले यंत्रमाग बंद, भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

नवे सांधे तपासायचे राहिले होते. या कामाला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून स्टेअरिंग हलवायचं, दुसऱ्यानं खाली झोपून सांध्याला बोट लावायचं. वीस वर्षं वर माझी बायको हेमावती बसायची. गाडी म्हणजे लक्ष्मी, म्हणून चपला काढून चढायची. उतरताना खालून मला आधी तिची जोडवी दिसायची. ती वारली त्याला संक्रांतीला वर्ष झालं.

मी खाली सरकलो, सांध्याला बोट लावलं आणि सवयीनं बोलून गेलो, "हलव गं."

सांधा हलला. डावीकडं, उजवीकडं. तिच्यासारखाच सावकाश.

"बस."

थांबला.

सांधा घट्ट होता. तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी मी म्हणालो, "अजून एकदा." मग परत एकदा. किती वेळ म्हणत राहिलो, माहीत नाही.

शेवटी मान अवघडली. "झालं काम. उतर आता."

वर दाराची कडी वाजली. पाटे कुरकुरले आणि जीप बोटभर वर आली.

दाराखालच्या फरशीकडं बघत मी पडून आहे. पाय अजून टेकलेले नाहीत.