निळ्या दिव्याखाली

भट्टीवर हात भाजल्यापासून दादाने त्या हाताकडे एकदाही पाहिलं नव्हतं. पट्टी बदलायची वेळ आली की तो तोंड भिंतीकडे करायचा आणि अख्खा वॉर्ड डोक्यावर घ्यायचा.

या वेळी डॉक्टरांनी पट्टीऐवजी त्याच्या धाकट्या बहिणीच्या प्रयोगशाळेतलं मऊ जेल जखमेवर बसवलं होतं. ते काढायला ती स्वतः आली. तिने हातावर निळा दिवा धरला, तसं ते जेल सैल होऊन खालच्या वाटीत ठिबकू लागलं.

ओढाताण नाही, कळ नाही. दादाने हळूच मान वळवून वाटीत पाहिलं.

"याचं पाणी कसं झालं गं?"

"या निळ्या उजेडाने आतले दुवे सुटतात. अंधारात परत जुळतात."

"काहीतरीच! दाखव बघू."

तिने वाटी झाकून ठेवली. थोड्या वेळाने झाकण काढलं, तर जेल पुन्हा घट्ट! दादाने वाटी उचलली, उलटी केली, हलवून पाहिली.

"आयला, पडत नाही की! परत उजेड दाखव."

बहीण दिवा लावायचंच विसरली.

"अगं, बघतेस काय?"

"दादा, वाटी कुठल्या हातात धरलीयस?"