ओट्यावरची सावली

केडगावच्या जुन्या घरात नवं छत झालं आणि वायरमन पेन्सिल घेऊन शिडीवर चढला. स्पॉटलाइट सहाच होते. पाच सोफ्याभोवती गेले. सहावा नवऱ्यानं आपल्या सत्काराच्या फोटोसमोर छतावर आखून घेतला. "तो ओट्यावर पायजे," बायको म्हणाली. "स्वयंपाकघरात ट्यूब हाय की! तिथं कोन बघतंय?" तिनं त्याच्या हाती सुरी दिली. "चार भेंड्या चिरून दावा. मग खुशाल लावा फोटोवर." हसत तो ओट्याशी उभा राहिला, ताटावर वाकला आणि ताट अंधारलं. सुरी बोटाला चाटून गेली. "उजेड कोन अडवतंय?" तो खेकसला. "ट्यूब पाठीमागं हाय. सावली तुमचीच. बावीस वर्षं माझी पडत हुती." पदर खोचून ती बाहेर आली आणि वायरमनला खाली उतरवून शिडीवर चढली. फोटोसमोरची खूण ओल्या फडक्यानं पुसून वायरमनला म्हणाली, "चला आत. उजेड माझ्या पुढं पायजे, मागं न्हाई."