दोन गुराखी

फाइलचं पहिलं पान वाचलं आणि कॅप्टन मामुरूचा हात चहाच्या पेल्यावरच थांबला.

बाजाराचा दिवस. नाक्यावर गस्तीच्या जवानांनी दोन गुराख्यांना चौकशीसाठी गाडीतून उतरवून घेतलं. नोंदवहीत शेरा: 'पळून गेले.' घरच्यांना ते पुन्हा दिसले नाहीत. या प्रकरणाचा लष्करी खटला आता अधिकाऱ्यांच्या कायदा-वर्गात चालवायचा होता, सरावासाठी.

असाच शेरा तीन वर्षांपूर्वी मामुरूने स्वतःच्या हाताने लिहिला होता.

शिकवायला आल्या होत्या कर्नल म्पुले, बोट्स्वानाच्या लष्करातल्या निवृत्त वकील. जाड चष्मा, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. नोंद चुकली असेल तर लाजू नका, दुरुस्त करा, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मामुरूला ते पटलं होतं. माणूस नेटका, शेजाऱ्याच्या वहीतली चुकलेली तारीखसुद्धा तो खोडून नीट करायचा.

पण हे बाहेर गेलं कसं? त्या दिवशी नाक्यावर त्याच्यासोबत तिघं होते. दोघं पुढे लढाईत मारले गेले. उरला बाकारी. तेव्हा गाडी चालवायचा, आता वर्गाबाहेर निखाऱ्यांवर चहा उकळायचा.

चार दिवस मामुरूने त्याच्यावर नजर ठेवली. कर्नलबाई रोज त्याच्याजवळ बसायच्या, तिथल्या रिवाजाचे तिन्ही पेले संपेपर्यंत. हसायच्यासुद्धा.

"एवढं काय बोलत असता रे?" त्याने एकदा विचारलं.

"त्यांना चहा शिकवतोय साहेब. पहिला कडू, तिसरा गोड. तुम्ही पहिल्यावरच उठता, तुम्हाला काय कळणार."

मामुरू हसला नाही. त्याने बदलीचा हुकूम टाइप करून घेतला. उत्तरेची चौकी. तिथे गेलेल्यांचं बहुधा सामानच तेवढं परत येई. बाकारीच्या बायकोला सातवा महिना होता; बारशाला कापायचा मेंढा मामुरूनेच कबूल केला होता. म्हणून तर सही करण्याआधी त्याला खात्री हवी होती.

शेवटच्या दिवशी वर्ग पांगल्यावर तो बाईंसमोर जाऊन बसला. बाकारीने तिसरा पेला आणून ठेवला आणि निघून गेला.

"मॅडम, बोलू नका. नुसती मान हलवा. हे तुम्हाला बाकारीने सांगितलं ना?"

"कुठलं?"

"गुराख्यांचं." त्याने फाइलवर बोट ठेवलं. "आणि तेही धड सांगितलं नाहीये. दोन नव्हते, तीन होते."

बाईंनी चष्मा काढला, पदराएवढ्या मोठ्या रुमालाने सावकाश पुसला. मग गोड पेला त्याच्याकडे सरकवला.

"कॅप्टन, ही गोष्ट मी नऊ वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरात बसून रचली. सहा देशांत शिकवली. सगळीकडे कुणी ना कुणी येऊन विचारतं, तुम्हाला हे कुणी सांगितलं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "आकडा दुरुस्त करणारे मात्र तुम्ही पहिलेच."